अनुभव धागा : ॲक्शनपटातल्या पात्रांचे घरी केलेले पोशाख

पट्टीखडू

काल माळा आवरताना फोमचं एक जुनं छातीकवच हाती आलं. सोनेरी रंग अजून जागच्या जागी, पण खांद्याचे दोन्ही पट्टे सुटून लोंबत होते. बघितलं आणि धागा काढायचं ठरवलं. स्नेहसंमेलनं तोंडावर आलीत, घरोघरी कटर बाहेर निघाले असतील.

घरचा पोशाख मोडतो तो सांध्यांत. खांदा, कोपर, कंबर, मान, आणि पट्टा जिथे चिकटवला ती जागा. आपण मात्र सगळा जीव नक्षीवर ओततो. म्हणून ज्याला जे नक्की ठाऊक आहे ते मापासकट लिहा. सुरुवात मी करते, 'बाहुबली'छाप छातीकवचापासून, कारण शाळांमध्ये मागणी त्यालाच असते.

ईव्हीए फोम घ्या, चपलांच्या तळव्याला वापरतात तोच प्रकार. अंगाला ६ मिमी, खांद्याच्या वाट्यांना १० मिमी, नक्षीला २ मिमी. मोठ्या माणसाच्या छाती-पाठ-खांद्यांना १ × २ मीटरची एक शीट पुरते. शीट बोटांत दाबून बघा : खड्डा लगेच भरला तर चांगली, दबलेलाच राहिला तर सोडून द्या, ती उष्णतेने आकार धरत नाही.

कागदी बेतासाठी जुना टीशर्ट घालायचा, वरून स्वयंपाकघरातल्या क्लिंग फिल्मचे दोन वेढे आणि त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. मधली रेघ, बगलेची रेघ, हाताचं भोक स्केचपेनने आखायचं आणि कापून काढायचं. अर्ध्याच अंगाचा बेत करायचा, दुसरा अर्धा उलटा ठेवून आखायचा, म्हणजे डावं-उजवं सारखं येतं. दर ४ सेंमीवर जोडखुणा करा. या खुणा नसल्या की खालच्या टोकाला एक बाजू बोटभर लांब उरते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट : जाडी. ६ मिमी फोम अंगाभोवती वळवला की बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जवळजवळ ३.८ सेंमी मोठा होतो. फोम मधल्या रेषेवर वळतो, म्हणून त्याच्या निम्मं, म्हणजे २ सेंमी बेतात वाढवायचे. आतल्या कपड्याचे आणि श्वासाचे आणखी ३ सेंमी. १० मिमीला घेरातला फरक ६.३ सेंमी होतो, बेतात त्याच्या निम्मं वाढवायचं. हे वाढवलं नाही तर बगलेचा जोड ताणावरच चिकटतो आणि पहिल्याच नाचात उघडतो.

---

दोन_टाके

पट्टे सुटतात कारण पट्ट्याचं टोक नुसतं आतून चिकटवलेलं असतं. ओढ सोलण्याच्या दिशेने बसते आणि तिथे कुठलाच गोंद टिकत नाही. पट्ट्याचं ६ सेंमी टोक फोमवर चिकटवा, वरून ५ × ८ सेंमीचा फोमचा तुकडा त्याला झाकून चारी बाजूंनी चिकटवा. याहून चांगलं म्हणजे फोमला पट्ट्याच्या रुंदीची चीर द्या, टोक आतून बाहेर काढा, तिथे चिकटवा आणि वर २ मिमीची नक्षी बसवा. दिसतही नाही, सुटतही नाही.

३८ मिमी इलॅस्टिक खांद्याला, २५ मिमीचं सॅकचं बकल बगलेला. टिचबटणं फोमला थेट लावू नका, फाडून निघतात. आधी कॅनव्हासची पट्टी, मग टिचबटण.

---

माऊची_आई

वेलक्रो चालेल का बकलऐवजी? मुलगी दुसरीत आहे.

---

दोन_टाके

चालेल, पण चिकटपट्टीवाला नको. त्याचा गोंद घामाने आणि हॅलोजनच्या उष्णतेने ओघळतो. शिवायचा वेलक्रो आणा, मऊ बाजूचं तोंड नेहमी अंगाकडे, खरखरीतचं बाहेर. उलटं झालं की मानेला ओरखडे येतात. आणि एक हात जोडून विनंती : लहान मुलांच्या पाठीवरचा झगा गळ्याशी नाडीने बांधू नका. कुणी पाठीमागून पाय दिला तर थेट गळ्याला फास. दोन्ही खांद्यांवर ३ सेंमीचे वेलक्रोचे तुकडे लावा, ओढ बसली की झगा सुटून खाली पडेल. तेच हवंय.

---

माऊची_आई

हा विचारच केला नव्हता. आज नाडी उसवते. 🙏

---

कोकणपट्टी

फेविबॉन्ड (फोम जोडायचा रबरी गोंद) धरतच नाही म्हणणाऱ्यांसाठी. दोन्ही कडांना पातळ थर, मग थांबायचं. बोटाच्या पाठीने स्पर्श करा, चिकट लागला पाहिजे पण बोटावर येता कामा नये. कोरड्या हवेत १० ते १५ मिनिटं, इकडे पावसाळी दमट हवेत २५ सुद्धा लागतात. ओलं असताना जोडलं की द्रावक आत अडकतं आणि जोड च्युइंगगमसारखा ताणला जातो. दोन्ही कडा एकदा टेकल्या की सरकत नाहीत, म्हणून टोकांकडून सुरू करा, मग मध्य, मग उरलेलं. एका टोकाकडून ओढत गेलात तर शेवटी जास्तीचा फोम फुगा धरतो.

फोमची कड भोकाळ असते, पहिला थर पिऊन टाकते. कड कोरडी दिसली तर दुसरा थर द्या.

खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेला. डोकं जड झालं की काम थांबवायचंच. आणि देवाजवळची समई विझेपर्यंत डबा उघडायचा नाही, त्याची वाफ पेट घेते.

---

रानजाई

शेवटचं वाक्य प्रत्येक डब्यावर छापायला हवं.

थर्माकोल वापरणाऱ्यांसाठी पुरवणी : हाच गोंद थर्माकोलला लावला तर तो वितळून खड्डा पडतो, स्प्रेपेंटनेही तेच. ईव्हीएला दोन्ही चालतात. तसंही २०१८ च्या प्लास्टिकबंदीपासून सजावटीचं थर्माकोल राज्यात बंद आहे. मखरवाले कागद, पुठ्ठा, फोमकडे वळले तेव्हापासून ईव्हीए गावोगावच्या क्राफ्टच्या दुकानांतही दिसायला लागलं. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर फिरा.

---

भट्टीवाला

आकार देण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. क्रम लक्षात ठेवा : आधी उष्णता, नंतर गोंद. चिकटवल्यावर हीट गन (कडक गरम हवा फेकणारं हत्यार) फिरवली तर जोड सैल होतात.

हीट गन १० ते १५ सेंमी लांब, हात सतत फिरता. फोमचा पृष्ठभाग क्षणभर ओलसर चमकतो, तिथेच थांबा. भोकं बंद झाली, आता तो रंग पिणार नाही. बुडबुडे आले म्हणजे जळला. लगेच गुडघ्यावर किंवा पातेल्याच्या बुडावर दाबून ४० सेकंद धरा, थंड होईतो सोडू नका. लवकर सोडला तर निम्मा आकार परत जातो. खांद्याच्या वाटीला मोठी कढई उत्तम, पालथी घालून. केसांच्या ड्रायरने २ मिमी कसाबसा वळतो, ६ मिमी नाही.

कटरचं पातं सरळ उभं धरा, तिरकं झालं की जोडात फट. एका दमात आरपार कापू नका, दोन-तीन फेऱ्या. दर मीटरभर कापल्यावर पात्याचा एक तुकडा मोडून टाका. कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसली तर दोष हाताचा नसतो, पातं बोथट झालेलं असतं.

---

पेणचा_साचा

फोम न मिळणाऱ्यांनी मुखवट्यासाठी कागदच घ्यावा. 'क्रिश'सारखा अर्ध्या चेहऱ्याचा मुखवटा असेल तर फोमपेक्षा कागद सुबक येतो. शाडूचा चेहरा करा, कपाळ ते नाकाचं टोक एवढाच. ओला असताना नाकाची कड आणि भुवया नको तेवढ्या ठळक करा, कारण कागदाचे थर तपशील बुजवतात. सावलीत वाळू द्या, वरून खोबरेल तेलाचा हात.

कागद कापायचा नाही, फाडायचा. फाटलेली कड एकमेकांत मिसळते, कापलेली उठून दिसते. २ × ५ सेंमीच्या पट्ट्या, एक थर वर्तमानपत्राचा, एक तपकिरी कागदाचा, म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरून कळतं. सहा ते सात थर. तीन थरांनंतर एक रात्र वाळवा, सगळे एकदम दिले तर आतून बुरशी धरते.

खळ मैद्याची : १ वाटी मैदा, ५ वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत. पुस्तकबांधणीच्या खळीत किडीसाठी मोरचूद घालतात. मुखवट्यात अजिबात घालू नका, ते विष आहे आणि मुखवटा ओठांपाशी येतो. आतून सुती कापडाचं अस्तर लावा, घाम कागदात जिरला की नाकापाशी पहिल्यांदा मऊ पडतो.

डोळ्यांची भोकं घालून बघूनच वाढवा. पायाखालची पायरी दिसली पाहिजे, म्हणून वर नाही, खालच्या बाजूला कापा.

---

रानजाई

पेणकर, शाडूऐवजी मुलांच्या क्लेवर जमेल? आणि तुमच्याकडे शाडूच्या गोणीला हल्ली काय पडतं?

---

पेणचा_साचा

क्ले तेलकट असतो, थंड जागी जमतं, उन्हात बसतो. भाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, लहान गोणी-मोठ्या गोणीत फार फरक आहे.

---

सोल्डर_आणि_तार

छातीतला दिवा. लोखंडी कवचवाल्या नायकाचा, 'आयर्न मॅन'चा, पहिला सिनेमा २००८ चा, आजही दर संमेलनात एक तरी असतोच, म्हणून नीट लिहितो.

पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट आणि २० मिलीॲम्पियर लागतात. सोबत रेझिस्टर (प्रवाह आवरणारा छोटा भाग) हवाच. ३ पेन्सिल सेल म्हणजे ४.५ व्होल्ट, तिथे प्रत्येक एलईडीला ६८ ओहम. ५ व्होल्टवर १००, ९ व्होल्टच्या बॅटरीवर ३३०. रेझिस्टर प्रत्येकाला वेगळा. सगळे एलईडी समांतर जोडून एकच रेझिस्टर लावला तर एखादा जास्त प्रवाह ओढतो, तो जातो, मग उरलेल्यांवर भार वाढून तेही जातात.

समोर दुधी डब्याच्या झाकणाची चकती. एलईडी आणि चकतीत २ सेंमी तरी अंतर, नाहीतर उजेडाचे ठिपके दिसतात. मागे ॲल्युमिनियम फॉइल लावलंत तर एलईडीच्या पायांवर आधी टेप, फॉइल शॉर्ट करतं.

आता पॉवरबँक. घरी दिवा लागतो, रंगमंचावर जायच्या आधी विझतो, आणि लोक सोल्डर तपासत बसतात. दोष सोल्डरमध्ये नसतो. पाच एलईडी मिळून १०० मिलीॲम्पियरच्या आत ओढतात. पुष्कळ पॉवरबँकांना इतका कमी भार म्हणजे 'फोन भरला' असं वाटतं आणि त्या अर्ध्या मिनिटात बंद होतात. सेलचा डबा वापरा. बटण कमरेला, छातीवर नको. तार पट्ट्याच्या आत, आणि बगलेत ५ सेंमीचा सैल वेढा ठेवा. हात वर गेला की तीच तार पहिल्यांदा तुटते.

---

भट्टीवाला

किंवा हेल्मेटमध्ये ५ व्होल्टचा ४० मिमी पंखा बसवा, त्याच पॉवरबँकवर. तो शे-दीडशे मिलीॲम्पियर घेतो, पॉवरबँक जागी राहते, काचेवरचं धुकंही जातं. पंख्याची दिशा हवा बाहेर फेकणारी, डोक्याच्या मागच्या बाजूला, हनुवटीखाली ताजी हवा आत यायला फट. हवा आत फेकणारा लावलात तर डोळे कोरडे पडतात आणि धुकं तसंच.

---

सोल्डर_आणि_तार

हे फार उत्तम. पंख्याच्या पात्यांना आतून जाळी लावा, नाहीतर केस अडकतात.

---

ओसरी

आतून भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब काचेवर कोरड्या फडक्याने चोळायचा, धुवायचा नाही. तासभर धुकं धरत नाही.

---

जर्सीतली_सुमन

इकडे न्यू जर्सीत हॅलोविनला ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी थंडी असते आणि मुलं दोन तास बाहेर चालतात. कवचाचं माप घरच्या टीशर्टवर घेतलं तर जाकीट आत जात नाही, मग ऐनवेळी जाकीट वरून आणि पोशाख झाकलेला. बेत घेताना आत जाकीट घालूनच घ्या. जमिनीच्या फोम मॅट मिळतात, २४ × २४ इंच, साधारण १२ मिमी जाड. एका बाजूला खरबरीत नक्षी असते, ती आत जाऊ दे. लहान मुलाच्या अंगाला त्या जाड पडतात, खांद्यापुरत्या ठीक. अंधारात गाडीवाल्यांना दिसावं म्हणून पाठीवर चमकपट्टी, पोशाखाच्या नक्षीतच बसवायची.

भारतातल्यांनी कोट कशाचा शिवावा, रेक्झीनचा? आईला शिवायचाय भाच्यासाठी, काळा लांब.

---

दोन_टाके

रेक्झीनच, पण सोफ्याचं नको, कपड्याचं, मागे विणलेलं कापड असलेलं. ५४ इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर मोठ्या माणसाला, आठवीतल्या मुलाला अडीच.

सुई १६ नंबर, टाका ४ मिमी. आईंना हे आवर्जून सांगा. नेहमीचा बारीक टाका घातला तर रेक्झीन पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांवर फाटतं. चुकीची शिवण उसवली तरी भोकं राहतात, म्हणून आधी जुन्या चादरीचा कोट टाचून घालून बघा. टाचण्या लावू नका, कागदाच्या क्लिपा किंवा कपड्यांचे चिमटे. मशीनचा पाय चिकटत असेल तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, मग फाडून टाका.

बाहीचा गोल सुती कापडात २-३ सेंमी जास्त घेऊन चुणत बसवतो. रेक्झीन चुणत नाही. फरक १ सेंमीवर आणा, नाहीतर खांद्यावर फुगवटे येतात. इस्त्री नाही. शिवण उघडून रबर सोल्यूशन लावा आणि लाकडी लाटण्याने ठोका. काखेत चार-पाच आयलेट. रेक्झीन हवा सोडत नाही, ती भोकं नसली तर वीस मिनिटांत मूल कोट काढून टाकतं.

---

जर्सीतली_सुमन

हे सगळं आईला वाचून दाखवलं फोनवर. ती म्हणते लाटणं माहीत होतं, आयलेट नव्हतं. थँक्यू गं!

---

धूळवाट

पोशाख झाला की तो 'वापरलेला' दिसला पाहिजे. वाळवंटातल्या पाठलागाचा २०१५ चा तो सिनेमा, 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड', त्याच्या वेशभूषेसाठी जेनी बीव्हन यांना ऑस्कर मिळालं. ते कपडे बघा, मळ सगळीकडे सारखा नाहीये. मळ धरतो खिशाच्या तोंडाला, गुडघ्याला, बाहीच्या टोकाला, पट्ट्याखाली. झीज होते कडांवर. आपण उलट मधोमध तपकिरी डाग टाकतो आणि ते चहा सांडल्यासारखे दिसतात.

सुती कापड : २ लिटर पाण्यात १० चमचे चहा पावडर उकळून गाळा, २ चमचे मीठ, कापड ओलं करून त्यात अर्धा तास. कोरडं टाकलं तर डागाडागाने चढतं. पॉलिस्टरवर चहा चढत नाही, ते विकत आणतानाच बघा : एक धागा जाळा, गोळी झाली तर पॉलिस्टर, राख झाली तर सुती. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर कोपर आणि कॉलरवर. धुळीला मुलतानी माती, गेरू अगदी चिमूट. गेरू जास्त झाला की अंगाला, खुर्चीला, सगळ्याला लागतो.

फोमवर धातू हवा असेल तर आधी पूर्ण काळा, वाळल्यावर कोरड्या ब्रशने चंदेरी. ब्रश रंगात बुडवा, कागदावर जवळजवळ पूर्ण पुसा, मग फक्त उंचवट्यांवर. शेवटी काळा आणि तपकिरी ॲक्रिलिक पाण्यात पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच पुसा. खाचांत उरतो तेवढाच हवा.

---

रानजाई

रंगाला तडे जातात त्याचं काय? कंबरेपाशी हमखास.

---

धूळवाट

बहुतेक खाली पांढरा फेविकॉल पाण्यात मिसळून लावलेला असतो. तो वाळला की कडक. न वाकणाऱ्या भागाला चालतो, कमरेला नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं इलॅस्टोमेरिक कोटिंग घ्या, लहान डबा. थोडं पाणी घालून तीन पातळ थर, प्रत्येक थर पूर्ण वाळवून. ते रबरासारखं ताणतं. वर ॲक्रिलिक. ऑइल पेंट नको, तो फोमवर कित्येक दिवस चिकट राहतो.

---

ओसरी

वेशभूषेच्या ऑस्करवरून : भारतातलं पहिलं ऑस्कर वेशभूषेचंच, आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांचं, 'गांधी'साठी. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली जपणुकीसाठी अकादमीकडे परत सोपवली.

---

पट्टीखडू

अथैयांसाठी वेगळा धागा काढाच कुणीतरी. मी लिहीन.

---

लोकरगुंडी

साखळी चिलखत कुणाला हवंय का? मावळ्याला, परदेशी सरदाराला, कुणालाही. नाटक-सिनेमात जुनी युक्ती आहे : विणायचं. जाड काळी लोकर दुहेरी, ८ मिमीच्या सुया, सगळ्या ओळी सुलट. घट्ट विणू नका, भोकं दिसली पाहिजेत. नंतर धूळवाट म्हणतात तसाच कोरडा ब्रश चंदेरीचा, एकाच दिशेने. स्प्रे मारला तर लोकर ताठ होते आणि कड्यांचा भास जातो. वजन किती? स्वेटरएवढं. पण ताणून लांब होतं, म्हणून खांद्याच्या शिवणीत आतून नाडीची पट्टी घाला आणि लांबी ५ सेंमी कमीच विणा.

---

कोकणपट्टी

मान राहिली की! वटवाघूळवाल्या नायकाच्या १९८९ च्या सिनेमात टोप आणि खांदे एकसंध होते, नटाला मान वळवता येत नव्हती, पूर्ण अंग वळवावं लागे. २००८ च्या सिनेमात टोप वेगळा केला. घरी सुरुवातीपासूनच वेगळा करा. टोपाची कड गळ्याच्या पट्टीच्या आत ३ सेंमी, दोन्हींमध्ये बोट फिरेल एवढी जागा.

तोच नियम बाकीच्या सांध्यांना. कोपराला दोन तुकड्यांत ३ सेंमी फट, मध्ये काळा लायक्रा. छाती आणि पोट वेगळे, पोटाची कड छातीच्या आत सरकणारी. गुडघ्याची वाटी फक्त मांडीच्या तुकड्याला इलॅस्टिकने टांगायची, नडगीला चिकटवायची नाही.

---

माऊची_आई

आणि बाथरूम? पूर्ण अंगाचा सूट आहे हो.

---

दोन_टाके

सूट दोन भागांत कापा, वरचा आणि खालचा, कमरपट्ट्याखाली जोड लपतो. खालच्याला साधं इलॅस्टिक, तिला एकटीला खाली करता आलं पाहिजे. घरी तिच्याच हाताने दोनदा करून घ्या, मदत न करता.

---

पट्टीखडू

घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं करू नका. खुर्चीवर बसवा, मांडी घालायला लावा, जिना चढवा, दोन्ही हात डोक्यावर, खाली पडलेला खडू उचलायला सांगा. जिथे करकरतं तिथे आतून खूण करा आणि २ सेंमीची पाचर कापून काढा. हे रंगाच्या आधी. रंगवल्यावर कापलेली कड पांढरी दिसते.

माळ्यावरच्या कवचाला चिरा देऊन पट्टे ओवलेत. दोन_टाके, उद्या ओढून बघते आणि सांगते.

---

दोन_टाके

२४ तास वाळू द्या आधी!